सातव्या फेरीतला मुलगा आणि १ जून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर आइस हॉकीच्या ड्राफ्टवर (नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, संघ दरवर्षी फेऱ्या-फेऱ्यांनी तरुण खेळाडू निवडतात, त्यावर) आलेला लेख वाचला. मराठी पेपरात या खेळाला अर्धं पान मिळालं याचं आधी कौतुक वाटलं. मग दोन वाक्यं अशी खटकली की हे पत्र लिहायला बसले. ‘शेवटच्या फेऱ्यांतली निवड म्हणजे लॉटरीचं तिकीट, लागलं तर लागलं’ असं लेखक एके ठिकाणी म्हणतात. आणि त्याच्या खालीच शेवटच्या फेऱ्यांत निवडले जाऊन मोठे झालेले दात्सुक, झेटरबर्ग, लुंडक्विस्ट यांची नावं घेऊन ‘तेव्हा कुणी निराश होऊ नये’ असा धीरही देतात. माझ्या मते ही लॉटरी नाही, आणि त्या तीन नावांत धीर धरण्यासारखंही काही नाही.

मला यातलं काय कळतं, हा प्रश्न रास्त आहे. मी सस्कॅचवानमध्ये राहते, विम्याचे प्रस्ताव तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. समोरच्या माणसाची जोखीम किती, याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर सही करायची. आमच्या प्रांतात पाच शहरांत वेस्टर्न हॉकी लीगचे, म्हणजे ज्युनिअर दर्जाचे संघ आहेत. त्यांत खेळणारी सोळा ते वीस वर्षांची मुलं घरापासून शेकडो मैल लांब येऊन राहतात. त्यांच्यासाठी वसतिगृह नसतं. गावातली कुटुंबं त्यांना घरात ठेवून घेतात. त्याला इथे ‘बिलेट’ म्हणतात. संघ महिन्याला थोडे पैसे देतो, ते किराण्यातच संपतात. आमची मुलगी शिकायला बाहेर पडली, तेव्हापासून आमच्या तळघरातल्या खोलीत असा एखादा मुलगा असतो. त्यांतले काही ड्राफ्टमध्ये निवडले गेले, काही नाही. पहिल्या फेरीतला एकही आमच्या वाट्याला आला नाही. जे आले ते सगळे शेवटच्या फेऱ्यांचे नाहीतर त्याच्याही पलीकडचे. त्यामुळे आपल्या लेखाचा विषय माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून वाढलेला आहे.

आधी लेखात राहून गेलेली गोष्ट. ड्राफ्टमध्ये नाव पुकारलं म्हणजे नोकरी लागली असं नव्हे. आयपीएलच्या लिलावात हातोडा पडला की रक्कम ठरते. इथे नाव पुकारल्यावर एक डॉलरही ठरत नाही. संघाला मिळतो तो फक्त त्या मुलाशी करार करण्याचा हक्क, आणि तोही मुदतीचा. करार करायचा की नाही, हे संघ नंतर सावकाश ठरवतो. आपल्याकडच्या बातम्यांत ‘एनएचएलमध्ये निवड’ असा मथळा येतो. तो वाचून इथल्या भारतीय मुलांच्या आजी-आजोबांनी पेढे वाटल्याचं मी पाहिलं आहे. पेढे वाटावेतच, पण कशाचे वाटतोय हे ठाऊक असावं.

आता हिशेब. एनएचएलमध्ये ३२ संघ, ड्राफ्टच्या सात फेऱ्या, म्हणजे वर्षाला २२४ मुलं. एका संघाच्या पटावर २३ खेळाडू, म्हणजे सगळ्या लीगमध्ये मिळून ७३६ जागा. निवडलेली सगळी मुलं खरोखर वर पोहोचली, तर सव्वातीन वर्षांत अख्खी लीग नव्याने भरावी लागेल. आणि जम बसलेला खेळाडू तर दहा-दहा वर्षं जागा सोडत नाही. शिवाय एका संघाला एका वेळी जास्तीत जास्त ५० खेळाडूंशीच करार करता येतात. म्हणजे खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये तयार होणारी पोरंही याच पन्नासात मोजायची. हे गणित मांडलं की सातव्या फेरीतल्या मुलाची वाट किती अरुंद आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या फेरीतला मुलगा अडखळला तरी संघ त्याला पुनःपुन्हा संधी देतो, कारण त्याला निवडणाऱ्याची अब्रू त्यात अडकलेली असते. सातव्या फेरीतल्या मुलामागे कुणाचीच अब्रू नसते.

आता त्या नावांकडे येते. पावेल दात्सुकला डेट्रॉइटने १९९८ मध्ये सहाव्या फेरीत, १७१ व्या क्रमांकावर घेतलं. योगायोग असा की १९८४ मध्ये लॉस एंजेलिसने ल्यूक रोबितायला नवव्या फेरीत (तेव्हा फेऱ्या जास्त असत) घेतलं, तोही १७१ वा, आणि पुढे त्याने ६६८ गोल केले. दोघंही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पण या दोघांव्यतिरिक्त १७१ व्या क्रमांकावर आजवर कोण कोण निवडलं गेलं, हे आपल्या लेखकाला विचारून पाहा. मलाही सांगता येणार नाही. माझ्या धंद्यात याला फार जपतात: ज्यांनी कधी दावाच केला नाही त्यांच्याच फायली समोर ठेवून जोखीम मोजली, तर कंपनी बुडेल.

आणि दात्सुक इतका मागे का राहिला होता, तेही पाहायला हवं. तो जवळजवळ वीस वर्षांचा होईपर्यंत कुणी घेतला नव्हता, अंगाने लहानखुरा होता, आणि खेळत होता रशियातल्या येकातेरिनबर्गला. तिकडे तेव्हा उत्तर अमेरिकी संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, फारशी फिरकत नसत. डेट्रॉइटचा स्वीडिश स्काउट होकन अँडरसन गेला होता दुसऱ्याच एका मुलाला पाहायला, आणि त्याच्या नजरेला हा पडला. झेटरबर्ग १९९९ चा, २१० वा. तोही अँडरसनच्याच मुलखातला. तेव्हा एखाद्या संघाकडे असा एक डोळस माणूस असणं, आणि इतरांकडे तो नसणं, हेच भांडवल होतं. आज जगातल्या कुठल्याही बऱ्या लीगचा प्रत्येक सामना कॉम्प्युटरवर दिसतो. नकाशात लपलेला मुलगा ही जात जवळजवळ संपली. अजूनही उरलेला मोठा अपवाद रशियन मुलांचा, पण तिथे कारण वेगळं: मुलगा सगळ्यांना दिसतो, तो कधी येईल हे कळत नाही. किरिल काप्रिझोवला मिनेसोटाने २०१५ मध्ये पाचव्या फेरीत घेतलं. तो तिकडे पहिला सामना खेळला २०२१ च्या जानेवारीत, आणि आल्या आल्या त्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पाचव्या फेरीतला खेळाडू म्हणून नव्हे, तर पाच-साडेपाच वर्षं थांबण्याची किंमत म्हणून तो स्वस्तात मिळाला होता.

मग आजच्या सातव्या फेरीतल्या मुलाकडे बघायचं कसं? माझं मत सरळ आहे. निवडीचा क्रमांक विसरा आणि पुढची दोन वर्षं पाहा. ड्राफ्टच्या दिवशी जे कळतं ते थोडं, पुढच्या चोवीस महिन्यांत कळतं ते बरंच.

त्यातही पहिली पाहायची ती जन्मतारीख. ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे २००७ च्या १५ सप्टेंबरला जन्मलेला मुलगा २०२५ च्या ड्राफ्टमध्ये येतो, आणि २००६ च्या १६ सप्टेंबरला जन्मलेलाही पहिल्यांदा त्याच ड्राफ्टमध्ये येतो. दोघांत एक दिवस कमी पूर्ण एक वर्षाचं अंतर. सतरा-अठराच्या वयात एक वर्ष म्हणजे काय, हे वयात आलेला मुलगा घरात असलेल्या कुठल्याही आईला विचारा. आमच्याकडचा एक मुलगा ऑगस्टअखेरचा होता. ड्राफ्टच्या वर्षी तो इतरांच्या खांद्याला लागायचा. पुढच्या हिवाळ्यात नाताळला तो घरी जाऊन आला, तेव्हा शाळेच्या पँटी घोट्याच्या वर गेल्या होत्या आणि स्केट्स दोनदा बदलावे लागले. रात्री अकराला फ्रिजसमोर उभा राहून अर्धा लिटर दूध तोंड लावून प्यायचा. उंची वाढली तशी त्याची स्केटिंगची लय काही महिने पार बिघडली. पाय आपले नाहीतच असा पळायचा. त्या काळात त्याचे आकडेही घसरले. नुसते गुण बघणाऱ्याने तेव्हाच फुली मारली असती. मार्चमध्ये लय परतली आणि आता तोच मुलगा रिंकच्या कडेच्या भिंतीशी, म्हणजे बोर्डाशी, धक्का खाऊन पक (खेळातली रबरी चकती) राखायला लागला. एकाच हंगामात दोन वेगवेगळे खेळाडू मी बघितले.

दुसरी गोष्ट गुणांची. इथे गोल आणि गोलसाठी दिलेला पास, दोन्हींचा एकेक गुण. एका गोलमागे दोन जणांना पासचं श्रेय मिळू शकतं. त्यामुळे ‘साठ सामन्यांत पन्नास गुण’ हे वाक्य अगदी निरुपयोगी असू शकतं. त्यांतले किती पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्धी शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना आले? बाजूला कोण खेळत होतं? पहिल्या फेरीतल्या सेंटरच्या (मधल्या आघाडीपटूच्या) पंखाखाली चाळीस गुण करणारा विंगर, म्हणजे कडेचा आघाडीपटू, आणि तिसऱ्या ओळीत (आळीपाळीने उतरणाऱ्या तुकड्यांतल्या तिसऱ्या तुकडीत), पॉवर प्लेची दोन मिनिटंही न मिळता पंचवीस करणारा विंगर, यांत मी दुसऱ्यावर पैसे लावीन. लीगची गोष्टही तीच. फिनलंडच्या मोठ्या माणसांच्या लीगमध्ये अठराव्या वर्षी केलेले दहा गुण आणि कनिष्ठ लीगमधले चाळीस यांची तुलना कशी करायची? गेब्रियल डेजार्डिन्स नावाच्या विश्लेषकाने याचा एक मार्ग घालून दिला. एका लीगमधून दुसरीत गेलेल्या खेळाडूंचे आधीचे आणि नंतरचे गुण ताडून पाहायचे, आणि त्यावरून प्रत्येक लीगचा भाव ठरवायचा. पद्धत ढोबळ आहे, बचावपटू तिच्यात नीट बसत नाहीत आणि गोली, म्हणजे गोलरक्षक, तर नाहीतच. तरी नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ बरी.

आता उदाहरण देते, ज्यावरून मी दोन वर्षांचा आग्रह का धरते ते कळेल. मार्क स्टोन २०१० मध्ये सहाव्या फेरीत, १७८ वा निवडला गेला, ओटावाकडून. त्या हंगामात ब्रँडन शहरातल्या ज्युनिअर संघाकडून तो ३९ सामने खेळला होता, २८ गुण. आणि स्केटिंग जड, अशी सगळ्यांची तक्रार. पुढच्या हंगामात ७१ सामन्यांत १०६ गुण, त्याच्या पुढच्यात ६६ सामन्यांत १२३. ड्राफ्टनंतर बारा महिन्यांत सामन्यामागचे गुण दुप्पट. त्या एका वर्षाने तो सहाव्या फेरीतला खेळाडू उरला नव्हता. कागदावरचा १७८ हा आकडा तेवढा जिथल्या तिथे राहिला. २०२३ मध्ये वेगासचा कर्णधार म्हणून स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचा विजेतेपदाचा चषक, त्याने उचलला. स्केटिंग त्याचं आजही फार देखणं नाही. पण प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवरून पक उचलण्यात त्याचा हात धरणारे थोडे. शेवटच्या फेरीतला मुलगा सगळ्याच गोष्टींत नुसता बरा असून चालत नाही, एका तरी गोष्टीत वरच्या लीगला पुरेल इतका पक्का लागतो. सगळ्याच गोष्टींत नुसती बरी अशी मुलं पुष्कळ असतात.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात संघच चुकला. ब्रँडन हेगलला २०१६ मध्ये बफेलोने सहाव्या फेरीत, १५९ वा घेतलं. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधल्या मुलांसाठी आजवरचा नियम असा की दोन वर्षांत, म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या १ जूनपर्यंत करार केला नाही तर हक्क संपला. (सप्टेंबर २०२६ पासूनच्या नव्या सामूहिक करारात या मुदती बदलताहेत.) बफेलोने करार केला नाही. मुलगा मोकळा झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये शिकागोने त्याला फुकटात घेतलं, आणि ज्युनिअरमधल्या त्या शेवटच्या हंगामात त्याने रेड डिअरच्या संघाकडून १०२ गुण केले. २०२२ च्या मार्चमध्ये टँपाने शिकागोकडून तोच हेगल घेण्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि वर दोन खेळाडू मोजले. चार वर्षांपूर्वी जो एका सहीला महाग होता! आता बफेलोला त्याला आणखी दोन वर्षं ठेवता आलं असतं तर? अमेरिकन कॉलेजात गेलेल्या मुलाचा हक्क संघाकडे कॉलेज संपेपर्यंत राहत असे, युरोपातल्याचा चार वर्षं. म्हणून शेवटच्या फेऱ्यांत हुशार संघ कॉलेजला जाणारी मुलं आणि युरोपातली मुलं शोधत आले. वेळ स्वस्तात मिळतो. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधल्या मुलांनाही अमेरिकन कॉलेजात खेळायची मुभा मिळाली आहे, आमच्या गल्लीतल्या बिलेटवाल्या घरांत सध्या दुसरा विषयच नाही.

गोलींचं शास्त्र निराळं, त्यावर मी फार बोलणार नाही. ते उशिरा पिकतात. पेक्का रिने २००४ मध्ये आठव्या फेरीत, २५८ वा गेला. तेव्हा नऊ फेऱ्या असत. फिनलंडमध्ये तो दुय्यम गोली होता. नॅशव्हिलच्या स्काउटला तो मुख्यतः सामन्याआधीच्या सरावातच बघायला मिळे. वर जम बसायला चार वर्षं लागली. कॉनर हेलेबक २०१२ चा, पाचव्या फेरीतला. २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझा लाडका दाखला मात्र लुंडक्विस्ट जुळ्यांचा. २००० च्या ड्राफ्टमध्ये योएल तिसऱ्या फेरीत ६८ वा, हेन्रिक सातव्या फेरीत २०५ वा. एक आई, एक घर, एकच जेवण. योएल एनएचएलमध्ये १३४ सामने खेळला. गोली हेन्रिकने ४५९ सामने जिंकले. जुळ्यांच्या बाबतीत हे होत असेल तर गोलीच्या क्रमांकाला किती मान द्यायचा ते ठरवा.

इथे थोडं विषयांतर. शेवटच्या फेऱ्या संघांनाही किती कंटाळवाण्या वाटत, त्याचा किस्सा. १९७४ चा ड्राफ्ट फोनवरून चालला होता. बफेलोचे व्यवस्थापक पंच इमलॅक त्याला इतके वैतागले की अकराव्या फेरीत, १८३ व्या क्रमांकावर त्यांनी तारो त्सुजिमोतो नावाचा जपानी खेळाडू निवडला. असा माणूस अस्तित्वातच नव्हता. लीगने नाव नोंदवून घेतलं! त्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आगेमागे निवडलेल्या कितीतरी खऱ्या मुलांपेक्षा तो आज जास्त प्रसिद्ध आहे.

स्वभावाविषयी लिहायचं नव्हतं, पण आपल्या लेखात ‘चिकाटी’ हा शब्द पुनःपुन्हा आला आहे. ड्राफ्टच्या आधी स्काउट बिलेट घरांना फोन करतात. मलाही आला होता. आवाज मोठा गोड. मुलगा हरून आला की घरी काय करतो? झोपतो कधी? जेवलेलं ताट स्वतः उचलतो का? आईबापांची उंची किती? मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्या वर्षी आमच्याकडे होता तो आदर्श मुलगा: ताट धुऊन ठेवायचा, पायऱ्यांवरचा बर्फ न सांगता काढायचा, रात्री लॅपटॉपवर स्वतःच्या चुकांचे तुकडे लावून बघायचा. सहाव्या फेरीत गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात करार झाला नाही. ज्युनिअर लीगच्या शिष्यवृत्तीत खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एक वर्षाची फी आणि पुस्तकं मिळतात. त्यावर तो इथल्या विद्यापीठात गेला, खेळला, पदवी घेतली, आता सर्वेक्षणाचं काम करतो आणि आनंदात आहे. त्याच्यानंतरचा मुलगा अगदी उलट. ओले टॉवेल जमिनीवर, गणितात नापास, ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंही नाही. सातवी फेरी संपत आली तेव्हा हा मागच्या अंगणात गवत कापत होता, यंत्राच्या आवाजात त्याला कुणाची हाक ऐकू येऊ नये अशा बेताने. तो पुढे ईसीएचएल या खालच्या पायरीच्या पगारी लीगमध्ये गेला, तिथून जर्मनीत, आणि आज चांगल्या पगारावर तिथे खेळतो. पहिल्या सहा पावलांत त्याला गाठणारा आमच्या लीगमध्ये कुणी नव्हता. ताट उचलण्याचा आणि व्यावसायिक होण्याचा संबंध मला तरी सापडलेला नाही. स्काउटांनी शोधत राहावं.

या दुसऱ्या मुलामुळे एक गोष्ट मुद्दाम लिहिते. ‘व्यावसायिक होणं’ आणि ‘एनएचएलमध्ये खेळणं’ या दोन गोष्टी आपल्या लेखात एकच धरल्या आहेत. एनएचएलमध्ये २०२५-२६ च्या हंगामात किमान पगारच ७,७५,००० डॉलर. त्याच्या एक पायरी खाली अमेरिकन हॉकी लीग, त्याखाली ईसीएचएल, जिथे आठवड्याचा पगार आणि संघाने दिलेली खोली यावर दिवस काढावे लागतात. शिवाय स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, झेकिया अशा देशांत रीतसर पगारी लीग आहेत. सातव्या फेरीतला मुलगा यांपैकी कुठे तरी पैसे घेऊन खेळेल का, असं विचारलंत तर माझं उत्तर बरंच आशेचं असेल. एनएचएलमध्ये शंभर सामने खेळेल का, असं विचारलंत तर मी त्याची दोन वर्षांची फाइल मागेन, आणि बहुतेक वेळा ती चाळून नाही म्हणेन. आणि मधल्या काळाची किंमतही असते: पगारी हॉकीत रमलं की ठरावीक मुदतीनंतर ती शिष्यवृत्ती हातची जाते. वीस वर्षांच्या मुलाने ईसीएचएलची बस पकडायची की विद्यापीठाचा अर्ज भरायचा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला ‘निराश होऊ नये’ हे उत्तर पुरत नाही.

आपल्या वाचकांना यात रस असण्याचं एक कारण इथली भारतीय मुलं, हे मी ओळखून आहे. रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये खेळला, दक्षिण आशियाई वंशाचा पहिला खेळाडू म्हणून. तो ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. मॅनी मल्होत्रा १९९८ मध्ये थेट पहिल्या फेरीत, सातवा. आणि अर्शदीप बैन्स, ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा, कुठल्याच ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. २०२१-२२ मध्ये त्याने आमच्या लीगमध्ये सर्वाधिक ११२ गुण केले आणि व्हँकूव्हरने त्याच्याशी करार केला. तेव्हा तो नुकताच एकवीस वर्षांचा झाला होता. ही बातमी मी आनंदाने वाचली, आणि लगेच सवयीने वय पाहिलं. एकविसाव्या वर्षी ज्युनिअरमध्ये ११२ गुण म्हणजे अठराव्या वर्षीचे ११२ नव्हेत. समोरची बरीच पोरं त्याच्याहून तीन-तीन वर्षांनी लहान असतात. त्याचं यश खरं आहे, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो वर पहिला सामना खेळलाही. पण त्या आकड्याच्या जोरावर आपल्या सोळा वर्षांच्या मुलाचं भविष्य मांडणारे बाप मला रिंकच्या कॅंटीनमध्ये भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

अगदी शेवटच्या निवडीबद्दलही थोडं, नाहीतर मी रडगाणंच गाते असं वाटेल. पॅट्रिक हॉर्नक्विस्ट २००५ मध्ये सगळ्यांत शेवटी, २३० वा निवडला गेला, नॅशव्हिलकडून. २०१७ च्या अंतिम लढतीत, नॅशव्हिलच्याच रिंकवर, त्याने कप जिंकून देणारा गोल केला, तोवर पिट्सबर्गच्या संघात गेलेला होता. तो गोल जाळीच्या मागच्या बाजूने, गोलीच्या अंगावर पक आपटून झाला. त्याची खासियतच ती: गोलीच्या नाकासमोर उभं राहायचं आणि मार खायचा. बाकी त्याच्या खेळात नजरेत भरण्यासारखं फार नव्हतं.

तर माझी विनंती अशी. पुढच्या जून-जुलैमध्ये ड्राफ्टची बातमी छापाल, आणि त्यात एखादा भारतीय वंशाचा मुलगा सहाव्या-सातव्या फेरीत असेल, तर मथळ्यात ‘एनएचएलमध्ये निवड’ ऐवजी ‘करार करण्याचा हक्क अमुक संघाकडे’ असं छापा. लांबलचक वाटलं तर मथळा तसाच ठेवा, पण पहिल्या परिच्छेदात हे येऊ द्या. त्याबरोबर त्याची जन्मतारीख द्या, तो कुठल्या लीगमध्ये, कितव्या ओळीत खेळतो ते द्या. आणि दुसऱ्या दिवशी त्याला विसरू नका. वर्षभराने त्याचे नवे आकडे जुन्यांच्या शेजारी छापा. कराराची मुदत असलेल्या १ जूनला सही झाली की नाही, याची एक ओळ द्या, सही झाली नसेल तर तीही. आमच्या तळघरात सध्या राहणाऱ्या मुलाची मुदत येत्या उन्हाळ्यात आहे. त्याची बातमी तुम्ही छापण्याचं कारण नाही, पण कुणाची तरी छापा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक, सस्कॅचवान, कॅनडा
(नाव आपल्याकडे कळवले आहे, घरातल्या मुलासाठी ते छापू नये.)